डोंगरमुलखातले हस्तव्यवसाय

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे अजूनही एक सूप उभे करून ठेवलेले असते. रोज त्याची गरज पडत नाही. तांदूळ निवडून, पाखडून पिशवीतून येऊ लागले तेव्हापासून त्याचे काम कमी झाले. तरी ते टाकून देववत नाही. बारशाला मूल त्यात घालायचे असते, गौरीच्या सणाला नव्या सुनेचा ओवसा त्याच्यावाचून होत नाही, आणि नवे घेताना आपण बाजारात बसलेल्या बाईशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. ते सूप कोणी विणले, त्याला किती वेळ लागला, बांबू कोठून आला आणि ज्या घरात ते तयार झाले त्या घरातली मुले पुढे काय करणार आहेत, हे प्रश्न त्या वेळी आपल्या मनात येत नाहीत. आज त्याच प्रश्नांचा थोडा विचार करावा असे योजिले आहे.

विषयाचे नाव मोठे आहे: डोंगरमुलखातले हस्तव्यवसाय आणि घरगुती कारखाने. असे म्हटले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम स्वित्झर्लंड येते. बर्फाच्छादित शिखरे, लाकडी घरे, त्यांत बसून घड्याळे जुळवणारे आणि लाकडावर कोरीव काम करणारे लोक. मग आपण उसासा टाकतो आणि म्हणतो, आमच्या सह्याद्रीत असे का झाले नाही? या उसाशाला माझी हरकत आहे. आमच्या सह्याद्रीतही हात होते, हत्यारे होती, कच्चा माल होता आणि रिकामे महिनेही होते. प्रश्न असा आहे की ते रिकामे महिने कोणी विकत घेतले.

प्रथम आपला मुलूख पाहू. पूर्वेला महाबळेश्वरचा डोंगर, त्याच्या कुशीतून निघालेली सावित्री, पायथ्याला पोलादपूर, पुढे महाड, आणि आणखी खाली खाडीच्या तोंडाशी जाणाऱ्या वाटेवर दासगाव. भरतीचे पाणी बाणकोटच्या खाडीतून आत चढत येते. त्या पाण्यावर पूर्वी गलबते दासगावला लागत व लहान होड्या पुढे महाडपर्यंत जात. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरे, खाडीतून मीठ व किराणा वर चढे. आंबेनळी आणि वरंधा हे घाट म्हणजे या व्यापाराचे जिने, आणि महाड-दासगाव म्हणजे त्या जिन्याची खालची पायरी. तेव्हा हा मुलूख दुर्गम होता खरा, पण जगापासून तुटलेला नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

शेती म्हणाल तर खाचरात भात आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी. मृगापासून दिवाळीपर्यंत माणसाला मान वर करायला सवड नसते. दिवाळीनंतर झोडणी-मळणी संपली की पुढचा पाऊस येईपर्यंत सहा-सात महिने जमीन स्वस्थ पडलेली असते. आल्प्समध्ये याच्या अगदी उलट. तेथे उन्हाळ्यात काम आणि हिवाळ्यात घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नाही. पण दोहोंकडे मूळ गोष्ट एकच: शेती वर्षाचा एक तुकडाच व्यापते आणि उरलेल्या तुकड्यात पोटाला काय घालायचे, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. जगातले बहुतेक डोंगरी हस्तव्यवसाय या एका प्रश्नातून जन्मले आहेत. कलेची आवड ही पुढची पायरी; आधी रिकामा महिना आणि रिकामे मडके.

आता आपल्याकडचा एक व्यवसाय जरा बारकाईने पाहू. बुरडाचेच काम घेऊ, कारण सुपापासून आपण आरंभ केला आहे.

बांबू हे झाड नव्हे, ते एक प्रचंड गवत आहे. पावसाळ्यात त्याचा कोंब जमिनीतून वर येतो आणि काही आठवड्यांतच आपली पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो वाढत नाही, फक्त पक्व होत जातो. पहिल्या वर्षाचा बांबू हिरवा व लुसलुशीत असतो. त्याची टोपली केली तर ती वाळताना आकसते आणि सैल पडते. तिसऱ्या वर्षाच्या पुढचा बांबू टणक होतो. फार म्हातारा झाला तर तो ठिसूळ होऊन वाकवताना मोडतो. म्हणून बेटात शिरणाऱ्याला प्रत्येक बांबूचे वय ओळखता आले पाहिजे. अंगावरची लव, पेऱ्यावरचा रंग आणि टिचकी मारल्यावर येणारा आवाज यांवरून जाणता माणूस ते सांगतो. पावसाळ्यात तोड करायची नाही, कारण त्या वेळी कोंब वर येत असतात आणि बेटाला धक्का बसतो. शिवाय ज्या बांबूत साखर व पिष्ट भरपूर असते त्याला भुंगा लवकर लागतो. पाऊस संपून थंडी पडल्यावर तोडलेला बांबू टिकतो, असा जुना अनुभव आहे. अवसेला तोडावा, पुनवेला तोडू नये, असेही जुने लोक सांगतात. त्यातला चंद्राचा भाग बाजूला ठेवला तरी ऋतूचा भाग शास्त्राला धरून आहे.

तोडलेला बांबू कोयत्याने उभा चिरायचा. एक फाक केली की तिच्या दोन, दोनांच्या चार. हे चिरणे दिसते तितके सोपे नाही. पाते एका बाजूला झुकले की एक फाक जाड व दुसरी बारीक होत जाते. मग जाड बाजूवर हाताने दाब देऊन फाट पुन्हा मध्यावर आणावी लागते. कोयता फक्त वाट दाखवतो, बांबू चिरतो तो हाताच्या दाबाने. पुढे कामट्या सोलायच्या. बांबूच्या पाठीकडचा भाग चिवट, कारण तंतू तेथे दाट असतात. पोटाकडचा भाग मऊ व दुबळा. पाठीच्या पट्ट्या काठाला, बांधणीला आणि जेथे भार पडतो तेथे. पोटाच्या पट्ट्या साध्या विणीला. म्हणजे एकाच बांबूतून चांगला व हलका असे दोन्ही माल निघतात, आणि काय कोठे घालायचे यात कारागिराचा प्रामाणिकपणा व कसब दोन्ही दिसून येतात. गिऱ्हाइकाला ते घेताना कळत नाही. दोन पावसाळ्यांनंतर कळते.

विणीचेही असेच. रोवळीत तांदूळ धुवायचे असतात, तेव्हा तिच्यातून पाणी गळले पाहिजे आणि दाणा राहिला पाहिजे. सुपातून दाणा किंवा रवा काहीच गळता कामा नये, म्हणून त्याची वीण गच्च. शिवाय घरी आणल्यावर त्याला मेथीचे पीठ व कागदाचा लगदा यांचा लेप देण्याची रीत होती. कणगी माणसाच्या उंचीची, भात साठवण्यासाठी. तिला आतून-बाहेरून शेणामातीने सारवतात, तेव्हा विणीत फट राहिली तरी चालते, पण बांधणी मजबूत हवी. कोंबड्या झाकायचे डालगे, मासळीचा हारा, फुलांची परडी, भिंतीला लावायचा तट्ट्या, यांतील प्रत्येकाची वीण त्याच्या कामावरून ठरलेली. आणि सर्वांत नामी वस्तू म्हणजे इरले. बांबूच्या बारीक कामट्यांची दुहेरी जाळी करून मध्ये रुंद पानांचे थर भरायचे, आणि डोक्यापासून पाठीच्या खालपर्यंत येईल असा त्याला बाक द्यायचा. लावणी करणारी बाई वाकली की इरले तिच्या पाठीवर छपरासारखे बसते व दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे साधत नाही. कोकणच्या पावसाला कोकणच्या माणसाने दिलेले हे उत्तर होते. पुढे प्लास्टिकचा कागद आला आणि एका माणसाच्या आयुष्याच्या मुदतीत इरले शेतातून उठून प्रदर्शनात जाऊन बसले.

या कामात घरातले सगळे असतात. तोडणे व चिरणे बहुधा पुरुषांकडे, विणणे बायकांकडे, काठ बांधणे वडीलधाऱ्यांकडे, भिजत घातलेल्या पट्ट्या उचलून देणे मुलांकडे. बाजारात बसणे पुन्हा बाईकडे. घर हाच कारखाना आणि ओटी हेच दुकान. म्हणूनच या धंद्याच्या हिशेबात एक मोठी चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बांबूचे पैसे मोजले जातात, गाडीभाडे मोजले जाते, पण घरच्या माणसांचा वेळ कोणी मोजत नाही. बाईने दिवसभर विणले तर ती घरीच होती असे समजायचे. मोल न लावलेल्या या श्रमावर ती वस्तू स्वस्त राहते. आपण ज्याला हस्तकलेची स्वस्ताई म्हणतो, ती बहुतांशी त्या घरातल्या बायकामुलांनी आपल्याला दिलेली, आणि आपण कधीही न मान्य केलेली, सूट असते.

बुरडाशिवाय इतरही व्यवसाय या खोऱ्यात होते. मडकी भाजणारा कुंभार, फाळ व कोयते शेवटणारा लोहार, नांगर घडवणारा सुतार, चामड्याचे काम करणारा चांभार. वरच्या वाड्यांतून मेंढीच्या लोकरीची घोंगडी येत. आणि जंगलात कातकरी. खैराच्या लाकडाचा गाभा शिजवून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा. त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले असे मानतात. विड्यातला कात आपण सर्वांनी चाखलेला आहे. तो करणारा माणूस मात्र आज वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर राबतो. त्याचा धंदा आळसाने गेला नाही. जंगल सरकारी राखीव झाले, खैर तोडणे गुन्हा ठरला, आणि ज्याचा कच्चा मालच गुन्ह्यात जमा झाला तो कारागीर काय करणार?

बांबूच्या बाबतीतही काही निराळे घडले नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला गेला. वनस्पतिशास्त्र ज्याला गवत म्हणते त्याला कायद्याने वृक्ष ठरवले, आणि परवान्याचा व वाहतूक पासाचा जाच आला. ही व्याख्या तब्बल ९० वर्षे टिकली. २०१७ साली दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज मानले होते. कायदा सुधारला, हे उत्तमच झाले; पण नव्वद वर्षांत तीन पिढ्या होतात, आणि जी पिढी कोयता खाली ठेवते ती कायदा बदलल्याची बातमी ऐकून तो पुन्हा उचलते असे होत नाही.

आता आल्प्सकडे वळू. आल्प्सच्या शेजारच्या ज्युरा पर्वतातले शेतकरी हिवाळ्यात घड्याळांचे सुटे भाग करीत. कोणी चाके कापी, कोणी स्प्रिंगा करी, कोणी डबी घडवी. खिडक्यांची ओळ असलेल्या खोलीत, उजेडाला बसून हे काम चाले. पण संपूर्ण घड्याळ बहुधा एकाच घरात होत नसे. शहरातला व्यापारी भाग वाटून देई, गोळा करी, जुळवून घेई आणि दूरदेशी विकी. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ भागात लाकडी भिंतीवरची घड्याळे होत. ती पाठीवर घेऊन फिरते विक्रेते साऱ्या युरोपात हिंडत. फुर्टवांगेन येथे १८५० साली घड्याळजींची शाळा निघाली. स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएंझ गावी १८१६ च्या सुमारास, उपासमारीच्या वर्षांत, लाकडाच्या कोरीव वस्तू करून प्रवाशांना विकण्यास प्रारंभ झाला, आणि १८८४ साली तेथे लाकूडकोरणीची शाळा स्थापन झाली.

या तीन उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. पहिली, माल हलका आणि मोलाचा. घड्याळ खिशात मावते. डोंगरातून ते खाली नेण्याचे भाडे त्याच्या किमतीच्या मानाने नगण्य. आमची कणगी किंवा मडके यांच्या किमतीचा मोठा वाटा वाहतुकीतच जातो. दुसरी, दूरचे गिऱ्हाईक. ते एक तर व्यापाऱ्याने गाठून दिले किंवा प्रवासी म्हणून स्वतःच डोंगर चढून आले. आमच्या बुरडाचे गिऱ्हाईक म्हणजे दोन कोसांवरचा शेतकरी. तो त्याच्याइतकाच गरीब. तिसरी गोष्ट शाळा. घरातले ज्ञान घराबाहेर आणून, चित्रकला व गणित यांची जोड देऊन, जो शिकेल त्याला शिकवण्याची व्यवस्था. डोंगरी माणसाच्या अंगच्या उपजत बुद्धीचा मोठेपणा येथे सांगितला जातो, तो मला पटत नाही. बुद्धी आमच्या इरल्यातही आहे. कमी पडली ती बाजाराची आणि शाळेची सांगड.

आणि तेथेही सारे कायमचे मंगल झाले असे समजू नये. १९७० च्या दशकात बॅटरीवरची क्वार्ट्झ घड्याळे आली आणि स्विस घड्याळधंद्यातली सुमारे ९०,००० माणसे पुढच्या दीड दशकात तीस-बत्तीस हजारांवर आली. कारागिरीची श्रेष्ठता ही बाजाराविरुद्धचे कवच नव्हे. तो धंदा पुन्हा सावरला तो स्वस्त घड्याळांच्या एका टोकाला आणि अत्यंत महाग घड्याळांच्या दुसऱ्या टोकाला.

मग आमच्या खोऱ्यातले रिकामे महिने गेले कोठे? उत्तर आपल्या घराघरांत आहे. ते मुंबईला गेले. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांचे शहर उभे राहिले. त्या गिरण्यांना हात हवे होते आणि कोकणात हात रिकामे होते. मघाशी म्हटले की हा मुलूख जगापासून तुटलेला नव्हता. त्याचा परिणाम असा झाला. खाडीच्या ज्या वाटेने माल जात असे, त्याच वाटेने माणसे जाऊ लागली. ज्युरातल्या शेतकऱ्याकडे काम चालत घरी आले. आमचा शेतकरी चालत कामाकडे गेला. त्याने पाठवलेल्या मनिऑर्डरीवर घर चालले, आणि शेत, गुरे, म्हातारे व उरलेसुरले हस्तव्यवसाय बायकांच्या अंगावर पडले. मुंबईची गिरणी हाच आमच्या डोंगराचा हिवाळ्यातला कारखाना झाला, फक्त तो शंभर मैलांवर होता आणि त्याचा मालक दुसरा होता. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर तो कारखानाही हळूहळू मिटला. माणसे परत आली तेव्हा बापाचा कोयता गंजला होता आणि तो कसा धरायचा हे मुलाला ठाऊक नव्हते.

येथपर्यंतचा विचार अर्थशास्त्राचा झाला. परंतु आपण महाड-दासगावच्या भूमीवर उभे राहून बोलत आहोत, आणि या भूमीवर हस्तव्यवसायांविषयी बोलताना दुसरा एक विचार टाळता येत नाही. टाळला तर तो अप्रामाणिकपणा होईल.

१९२७ हे साल मी मघाशी वन कायद्याच्या संदर्भात सांगितले. त्याच सालच्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह पाणी प्राशन केले. ज्या परिषदेनंतर हे घडले तिच्या संघटकांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते. त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या समाजाला केवळ पाण्याविषयी सांगितले नाही. मेलेली गुरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडा, असेही सांगितले. म्हणजे ज्या कामाला गावगाड्याच्या वर्णनांत गावाची सेवा म्हणून कौतुकाने नोंदवले जाते, ते काम टाकून देणे हीच मुक्तीची एक पायरी होती.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. आमच्याकडे धंदा हा जातीला बांधलेला होता. बुरडाच्या मुलाने बुरूड व्हायचे, चांभाराच्या मुलाने चांभार. त्याचे कसब गावाला हवे, पण त्याचा स्पर्श नको. त्याने विणलेल्या सुपात आपण मूल घालणार, त्याच्या परडीतली फुले देवाला वाहणार, त्याच्याच बांबूवरून शेवटी मसणात जाणार, आणि त्याला मात्र पाण्यासाठी दूर उभे करणार. ज्युरातल्या घड्याळजीला गरिबी होती, थंडी होती, व्यापाऱ्याची पिळवणूकही होती. पण त्याने केलेले घड्याळ हातात घेणाऱ्याने त्याला विहिरीवरून हुसकले नाही. कसबाला प्रतिष्ठा नसेल तर कसबाला किंमतही येत नाही. जो माणूस हलका ठरवला, त्याच्या मालाची किंमतही हलकी ठरवण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आपोआप मिळतो. आमच्या हस्तव्यवसायांच्या दैन्याचे हे कारण कोणत्याही यंत्रापेक्षा जुने आहे.

म्हणून 'जुने कारागीर गेले हो' असा जो गळा काढला जातो, त्यात मला सामील होता येत नाही. ज्या घरातला मुलगा कोयता ठेवून शिक्षक झाला, परिचारिका झाली, औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला, त्या घराने काही गमावले नाही, मिळवलेच. त्याने आपल्या सोयीसाठी टोपल्या विणत बसावे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण दुसरी बाजूही आहे. बांबूचे वय ओळखण्याचे, पाठ आणि पोट वेगळे करण्याचे ते ज्ञान, ते मात्र सर्वांचे धन होते, आणि ते जातीच्या कुंपणात कोंडून ठेवल्यामुळे माणूस बाहेर पडताच कुंपणाच्या आत वाळून गेले. धंदा सोडणाऱ्याचा यात दोष नाही. जातीबाहेरच्या कोणालाही ते शिकावेसे वाटू नये अशी व्यवस्था आपण करून ठेवली, दोष तिचा आहे.

आता असे कोणी म्हणेल की, हे सर्व मान्य केले तरी आपल्या मातीत घरगुती कारखाना तगूच शकत नाही. तसे नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातले पेण पाहा. १८९३ नंतर गणेशोत्सव सार्वजनिक झाला, मुंबई-पुण्याची मागणी वाढली, आणि पेण व शेजारच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने घरोघर उभे राहिले. सण एकदा येतो, पण मूर्तीचे काम वर्षभर चालते. म्हणजे रिकाम्या महिन्यांना तेथे काम मिळाले. तेथे शाडूची जागा प्लॅस्टर ऑफ पॅरिसने घेतली, त्यातून नद्या-समुद्राचा प्रश्न निघाला, २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. असे प्रश्न जिवंत धंद्यालाच पडतात. पोलादपूरच्या डोक्यावरच्या महाबळेश्वरला एकोणिसाव्या शतकात चिनी व मलायी कैदी ठेवले होते. वेताच्या टोपल्यांचे काम व बटाट्यासारखी भाजी तेथे रुजली त्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. परका कैदी आला, त्याने कसब आणले, आणि हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांत त्याला गिऱ्हाईक मिळाले. कसब रक्तात असते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. दक्षिणेकडे सावंतवाडीत लाकडी खेळणी व गंजिफा यांचे काम मरणपंथाला लागले असता तेथील राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, त्याला आश्रय देऊन ते पुन्हा उभे केले. आणि कुडाळला बांबूच्या कामासाठी कोनबॅक ही संस्था उभी राहिली. घरे आणि सामान बांबूचे करण्याचे शिक्षण तेथे दिले जाते.

चारही ठिकाणी यश येण्याचे कारण तेच: कोणी तरी दूरचे गिऱ्हाईक जोडून दिले, आणि शिकण्याचे दार कमी-अधिक उघडे राहिले.

सरकारनेही आपल्या परीने हात दिला आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय धरले आहेत. त्यांत लोहार, सुतार, कुंभार यांच्याबरोबर टोपल्या, चटया व झाडू करणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी दररोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि तारणावाचून दोन हप्त्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचे कर्ज, अशी तिची रचना आहे. ही योजना चांगली आहे. मात्र कर्जाने हत्यार येते, गिऱ्हाईक येत नाही; आणि विकले न गेलेले सूप कर्जाचा हप्ता फेडीत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २०२१ च्या जुलैत तळिये गेले आणि महाड शहर पुरात बुडाले. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे शब्द थिटे आहेत. तेव्हापासून, उतारावर बांबू लावा म्हणजे दरड थांबेल, असे काही उत्साही लोक सांगतात. बांबूच्या मुळांचे जाळे वरची माती धरून ठेवते, धूप कमी करते, हे खरे. पण ती मुळे फार खोल जात नाहीत. डोंगराचा खोलवरचा भाग सुटला तर बांबू तो अडवू शकत नाही, तोही त्याबरोबर खाली येतो. बांबू लावावा तो धूप थांबवण्यासाठी आणि धंद्याच्या कच्च्या मालासाठी. गाव सुरक्षित जागी हलवण्याच्या कामाला तो पर्याय मानू नये. एका चांगल्या वस्तूकडून तिला न झेपणारे काम मागितले की शेवटी त्या वस्तूचीच अपकीर्ती होते.

मग आपण नागरिकांनी करायचे काय? मी तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, घासाघीस सोडावी. सुपाची किंमत ऐकताना त्यात बाईचा एक दिवस आहे हे मनात धरावे, आणि आपण स्वतः एका दिवसाचे काय घेतो ते आठवावे. दुसरी, मागणी आगाऊ नोंदवावी. शाळा, मंगल कार्यालये, देवळे, भोजनालये यांना परड्या, टोपल्या, तट्टे लागतात. बाजाराच्या दिवशी ऐनवेळी घेण्याऐवजी दिवाळीनंतर सांगून ठेवले तर विणणाऱ्या घराला सहा महिन्यांचा हिशेब मांडता येईल. ज्युरातला व्यापारी याहून निराळे काही करीत नव्हता. तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती, शिक्षणाची. आपल्या शाळांत कार्यानुभवाचा तास असतो. त्या तासाला पुठ्ठ्याचे घर करण्याऐवजी बांबू चिरायला शिकवावा, आणि शिकवायला ज्याच्या घरात हे काम चालत आले त्या माणसाला गुरुजी म्हणून, मानधन देऊन, वर्गात बोलवावे. सर्व जातींची मुले त्याच्यासमोर खाली बसून शिकतील त्या दिवशी या कसबाची किंमत बाजारातही बदलू लागेल. त्या मुलांतून उद्या कोणी बुरूड होईल की न होईल. झाले तर ते आपल्या निवडीने होईल, जन्माने नव्हे.

चवदार तळ्याचे पाणी सर्वांसाठी मोकळे झाले, तरी ते पाणी आटले नाही. कसबाचेही तसेच आहे. मोकळे केले म्हणून ते संपत नाही. कोंडले म्हणून मात्र ते आटते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. घरी गेल्यावर दारामागचे सूप एकदा उजेडात धरून पाहावे. काठाला पाठीची पट्टी आहे की पोटाची, हे आता आपल्याला ओळखता येईल. आणि ते ओळखता आले, तर पुढच्या बाजाराला त्या बाईशी बोलताना आपला सूर थोडा निराळा लागेल.